पकला बिस्किट म्हणतात त्या गावी

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातले मिसिसॉगा हे शहर टोरोंटोला अगदी लागून आहे, मुंबईला ठाणे लागून आहे तसे. टोरोंटोचा मोठा विमानतळही खरे तर मिसिसॉगाच्याच हद्दीत येतो. आमचे धाकटे बंधू बरीच वर्षे तिथे राहतात आणि आमच्या वालिदाही आता त्यांच्याकडेच असतात. दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही दोघे त्यांना भेटून आलो. नायगारा पाहिला, सीएन टॉवरवरही चढलो. त्यांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत, वाचकांना ती पाठ असतील. आम्ही दोघेही शाळेत भाषा शिकवणारे. आमचे लक्ष वेधून घेतले ते बारा वर्षांच्या पुतण्याच्या बोलीने. इंग्रजी तो बोलतोच, घरात उर्दू आणि कोकणीही तोडकीमोडकी बोलतो. पण ही बोली वेगळीच होती. ती कळावी म्हणून आम्हाला पहाटे उठून एका बर्फाच्या मैदानावर जावे लागले.

शनिवारी फजरची नमाज झाली की बंधूंच्या घरात पुन्हा कोणी निजत नाही. नोव्हेंबरात बाहेर मिट्ट काळोख असतो. गाडीच्या काचेवरचे दहिवर खरवडायचे, पुतण्याची भलीमोठी बॅग मागे टाकायची आणि साडेसहाच्या आत मैदान गाठायचे. बंदिस्त बर्फाचे मैदान तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते. सोयीच्या वेळा मोठ्यांनी घेऊन टाकलेल्या, त्यामुळे पोरांच्या वाट्याला पहाट येते. इतर आईबाप याबद्दल कुरकुर करतात. आमची भावजय म्हणते, आम्ही तर उठलेलेच असतो, आम्हाला काय त्याचे!

आपल्याकडे हॉकी म्हटले की मेजर ध्यानचंद आठवतात. तिकडे नुसते हॉकी म्हटले की ती बर्फावरचीच, आपल्या हॉकीला ते ‘फील्ड हॉकी’ म्हणतात. मोठ्या संघांचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, भोवती फळ्या आणि वर काच. एका वेळी दोन्हीकडचे सहा-सहा खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. पळणे इतके दमवणारे असते की खेळाडू मिनिटभरही सलग टिकत नाही. तो बाकावर येतो आणि दुसरा उडी मारून आत जातो, खेळ थांबत नाही. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची. हीच ती ‘पक’. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सपाट घसरते.

सराव संपल्यावर गाडीत बसताच पुतण्याने बातमी दिली, “बडे अब्बा, आज मी दोन ॲपल घेतली. आणि एकदा बिस्किट टॉप शेल्फवर ठेवलं.” नाश्त्याची वेळ होतीच. बडी अम्मीने लगेच पिशवीतून खजूर काढून पुढे केले. पोरगा इतका हसला की हेल्मेट हातातून खाली पडले.

‘बिस्किट’ म्हणजे पक. गोल करणे म्हणजे बिस्किट टोपलीत टाकणे. ‘ॲपल’ म्हणजे दुसऱ्याला गोल करता यावा म्हणून दिलेला पास. तिथे अशा पासची अधिकृत नोंद होते, गोल करणाऱ्याच्या नावापुढे पास देणाऱ्याचेही नाव लिहिले जाते. ही पद्धत आम्हाला फार आवडली. आपल्याकडे गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात आणि चेंडू पुरवणारा गर्दीत हरवतो. ‘टॉप शेल्फ’ म्हणजे जाळीचा अगदी वरचा भाग, आडव्या दांडीच्या लगेच खालचा. शेजारच्या अमेरिकेतल्या बफेलो शहराचे दिवंगत समालोचक रिक जेनेरेट असा गोल झाला की ओरडायचे, की पक तिथे गेली आहे जिथे आई कुकीजचा डबा लपवते. हे ऐकल्यावर आम्हाला काही समजावून सांगावे लागले नाही. कोकणातल्या कोणत्या घरात फडताळाच्या वरच्या फळीवर नारळाच्या वड्यांचा डबा नव्हता?

मग आम्ही वहीच काढली. रोज संध्याकाळी पुतण्या शब्द सांगायचा आणि आम्ही लिहून घ्यायचो. पेशाची खोड, दुसरे काय. लिहिता लिहिता ध्यानात आले की या बोलीतले निम्मे शब्द स्वयंपाकघरातून आणि शेतातून आलेले आहेत. मैदानाला ‘बार्न’ म्हणतात, म्हणजे धान्याचे किंवा गुरांचे कोठार, कारण जुनी बंदिस्त मैदाने दिसायचीच तशी. ज्या गोलरक्षकाच्या अंगावरून सगळे गोल जातात तो ‘सिव्ह’, म्हणजे चाळण. कोपऱ्यात धक्के खात राबणारा, ज्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, तो ‘ग्राइंडर’, म्हणजे जाते. ‘सॉस’ हा शब्द ऐकून आम्ही टोमॅटोचा अंदाज केला तो चुकला. मूळ शब्द ‘सॉसर’, म्हणजे बशी. समोरच्याची काठी आडवी असली तर पक तिच्यावरून गरगरत, बशीसारखी सपाट उडवून पलीकडे उतरवायची, तो सॉसर पास. बोलता बोलता बशीचा सॉस झाला. ‘डीक’ म्हणजे हुलकावणी. तो ‘डिकॉय’ या शब्दाचा तुकडा आहे, शिकारी पाखरांना फसवायला लाकडी बदक ठेवतात ते डिकॉय. आणि ‘फाइव्ह होल’, म्हणजे पाचवी फट. गोलरक्षक उभा राहिला की जाळीचे चार कोपरे उघडे राहतात, दोन वर आणि दोन खाली. त्या चार फटी. पाचवी त्याच्या दोन पायांमधली. चार कोपरे राखण्याच्या नादात तीच उघडी राहते.

काही शब्दांना इतिहास आहे. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीला लहानथोर सगळे ‘झांबोनी’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली ती तयार केली, आणि त्यांच्या आडनावाचे यंत्र झाले. डाव संपला की ती ओलसर चकाकी मागे ठेवत संथपणे फिरते आणि छोटी पोरे काचेला नाक लावून तिच्याकडे पाहत राहतात. खेळापेक्षा तीच जास्त आवडते त्यांना. गोलरक्षकाने कमाल केली की ‘तो डोक्यावर उभा राहिला’ म्हणतात. पूर्वी गोलरक्षकाने बर्फावर आडवे पडणे हा गुन्हा होता. १९१८ साली तो नियम बदलला तेव्हा एनएचएल या मोठ्या लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर म्हणाले की आता हवे तर त्यांनी डोक्यावर उभे राहावे. ‘हॅट ट्रिक’ तर आपल्या ओळखीचा. तो क्रिकेटमधून आला. १८५८ साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी भेट दिली होती. हॉकीत एका सामन्यात तीन गोल झाले की हॅट ट्रिक, लागोपाठ नसले तरी चालते. आणि इथे प्रेक्षक स्वतःच्या टोप्या बर्फावर फेकतात. मग खेळ थांबवून टोप्या गोळा कराव्या लागतात.

मारामारीचेही शब्द आहेत, आणि भरपूर आहेत. मोठ्यांच्या खेळात दोघे हातमोजे टाकून एकमेकांना ठोसे मारतात, पंच बराच वेळ बघत राहतात आणि मग दोघांना पाच-पाच मिनिटे बाहेर बसवतात. नुसते ठोसे मारण्यासाठी ठेवलेल्या खेळाडूलाही नाव आहे. ते शब्द आम्ही वहीत घेतले नाहीत. घेण्यासारखे त्यांत काही दिसले नाही. शिक्षा भोगायला बसायची काचेची खोली मात्र घेतली. तिला ‘सिन बिन’ म्हणतात, पापाचा डबा. किरकोळ गुन्ह्याला दोन मिनिटे. तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी, आणि समोरच्यांची चंगळ. तिला ‘पॉवर प्ले’ म्हणतात.

आता नावांविषयी. हॉकीत कोणाला खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. आडनाव घ्यायचे, मधेच तोडायचे आणि शेवटी ‘सी’, ‘ई’ किंवा ‘अर’ जोडायचे. आपण रशीदचा रश्या आणि गणपतचा गणप्या करतो त्यातलाच प्रकार, फक्त आपला ‘या’ आणि त्यांचा ‘ई’. आमचे आडनाव मुकादम. पोरांनी त्याचे केले ‘मुकी’! पहिल्यांदा दादीने ऐकले तेव्हा ती रागावली. म्हणाली, “माझा नातू झोपेतसुद्धा बडबडतो, त्याला मुकी म्हणतात?” त्यांना मराठी कुठे येते, हे समजावताना बंधूंच्या नाकी नऊ आले. पुतण्याला मात्र त्या नावाचा अभिमान. पहिली दोन वर्षे संघात त्याला नावच नव्हते. ‘अरे तू’ किंवा पाठीवरचा आकडा, एवढेच. ज्या दिवशी बाकावरून कोणीतरी ‘मुकी!’ अशी आरोळी ठोकली त्या दिवशी आपण संघात आलो, असे तो सांगतो.

वालिदांना इंग्रजी येत नाही. त्या घरात त्यांची खोली, जानमाज, तसबीह आणि खिडकीतून दिसणारा बर्फ. नातू शाळेतून आला की सलाम करायचा, त्या दुआ द्यायच्या आणि संभाषण तिथेच संपायचे. एका शनिवारी रात्री आम्ही दिवाणखान्यात आलो तर दोघे एका रजईत बसून सामना पाहत होते आणि दादी चक्क टाळ्या वाजवत होत्या. दूरचित्रवाणीवर समालोचन पंजाबीत चालले होते.

या पंजाबी समालोचनाची कहाणी सांगण्यासारखी आहे. कॅनडात शनिवारची रात्र म्हणजे ‘हॉकी नाइट इन कॅनडा’, हा कार्यक्रम तिथली जुनी परंपरा आहे. २००८ साली तो पंजाबीतही सुरू झाला. समालोचक हरनारायण सिंग यांचा जन्म अल्बर्टा प्रांतातल्या ब्रुक्स या छोट्या गावातला, शीख घरातला. पंजाबीत बर्फावरच्या हॉकीला शब्दच नव्हते, ते त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी घडवले. पक झाली ‘टिक्की’, आलू टिक्कीतली. काठी उगारून हाणलेला ‘स्लॅप शॉट’ झाला ‘चपेड शॉट’. आणि सिन बिन झाली ‘सजा दा डब्बा’. २०१६ च्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनो यांनी गोल केला तेव्हा सिंगांनी त्यांचे आडनाव एका दमात इतक्या वेळा घेतले की ते ध्वनिमुद्रण जगभर फिरले. चषक जिंकल्यावर पिट्सबर्गने या पंजाबी मंडळींना विजयसोहळ्याला बोलावून घेतले.

उर्दू जाणणाऱ्याला पंजाबी कळायला किती वेळ लागतो? डब्बा आणि सजा तर आपलेच शब्द. दादी नातवाला विचारत, “आता याला डब्ब्यात का घातला?” नातू तोडक्या उर्दूत सांगे, “दादी, त्याने पाय अडकवला.” मग दादींनी स्वतःचे शब्द सुरू केले. चपेड शॉटला त्या ‘रट्टा’ म्हणतात. गोलरक्षकाला ‘दारवान’. पाचव्या फटीला त्यांनी दिलेले नाव आम्हाला सगळ्यांत पसंत पडले: ‘चोरवाट’. आता सामन्यात पक गोलरक्षकाच्या पायांमधून गेली की रजईतून दोन आवाज एकदम येतात, “चोरवाट!” मुलांना मातृभाषा येत नाही अशी परदेशातल्या आईबापांची तक्रार आम्ही प्रत्येक दावतीत ऐकली. उपाय म्हणून कायदे आणि पाठ्यपुस्तके मागवलेली असतात आणि ती कपाटात पडून असतात. मुलाला ज्याचे वेड आहे त्याचे शब्द आपल्या बोलीत करून पाहायचे कोणाला सुचत नाही. वालिदा चौथीपर्यंत शिकल्या, त्यांना सुचले.

टोरोंटोत फ्रंट आणि यंग या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ मॉन्ट्रियलची १८८५ साली बांधलेली जुनी देखणी इमारत आहे. हॉकीचे संग्रहालय आता त्या इमारतीत आहे. रंगीत काचांच्या घुमटाखाली स्टॅनले चषक ठेवतात. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी तो १८९२ साली दिला, आणि जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूंची नावे त्यावर कोरली जातात. चषक प्रवासाला गेला असेल तर तिथे त्याची प्रतिकृती असते. पुतण्याला एकच नाव दाखवायचे होते, कोलोरॅडो अॅव्हलांचच्या २०२२ च्या संघातले नाझेम कादरी. आपण नाझिम म्हणू. आजी-आजोबा लेबनॉनहून आलेले, जन्म ऑन्टारियोतल्याच लंडन शहरातला. मैदानावर त्यांना सगळे ‘नॅझ’ म्हणतात. “बघा, त्यांनाही नाव दिलंय,” पुतण्या म्हणाला.

वहीतला एक शब्द मुद्दाम मागे ठेवला होता. ‘चर्प’. म्हणजे पाखरांची चिवचिव. मैदानावर समोरच्याला डिवचण्याला चर्प म्हणतात, आणि ती एक कलाच आहे. घोटे आत वळवून घसरणारा तो ‘बेंडर’. हळू पळणारा ‘पायलन’, म्हणजे रस्ता दुरुस्तीला ठेवतात तो नारिंगी शंकू. लांब केसांच्या पोराला विचारायचे, हे डोक्यावर कोशिंबिरीचे पान कोणी ठेवले? पोरे असे चर्प घरून पाठ करून येतात. आम्हाला गंमत वाटत होती. दुसऱ्या रविवारपर्यंत.

त्या दिवशी बाहेरगावच्या संघाशी सामना होता. दादीही हौसेने आल्या होत्या, काळा बुरखा आणि वर भावजयीचा जाड कोट घालून. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सामना आम्ही हरलो. परतताना पुतण्या गप्प होता, आम्हाला वाटले हरल्यामुळे. रात्री त्याने आईला सांगितले. समोरच्या एका पोराने काचेबाहेर बसलेल्या दादींकडे काठी दाखवली होती आणि त्या बुरख्यात काय लपवले आहे, हे मोठ्याने विचारले होते. एकदा नाही, तीन वेळा. पंचांना ऐकू गेले नाही. यांच्या कप्तानाने ऐकले. तो घसरत येऊन दोघांच्या मधे उभा राहिला, एवढेच.

“जाऊ दे अम्मी,” पुतण्या म्हणाला, “चर्पच होता.”

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे चालले. भावजयीचे म्हणणे, बस झाले, बॅग कपाटात टाकायची. पहाटे उठून, एवढे पैसे खर्चून, पोराने आपल्याच आजीबद्दल हे ऐकायचे? बंधू म्हणाले, मैदान सोडायचे तर मग शाळा, बस, दुकान, काय काय सोडणार? दोघांचेही बोलणे आम्हाला पटत होते. परक्या देशात राहणाऱ्यांना पाहुण्यांनी सल्ला देऊ नये, म्हणून आम्ही बोललो नाही. दादींना कोणी सांगितले नव्हते, पण भिंती पातळ असतात. सकाळी चहा घेताना त्यांनी सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीची आठवण काढली, ज्यात एका समूहाने दुसऱ्याची खिल्ली उडवू नये आणि एकमेकांना वाईट नावांनी हाका मारू नयेत असा हुकूम आहे. मग नातवाकडे वळून म्हणाल्या, “हा हुकूम तुलाही आहे हो. तू त्या पोराला काय म्हणाला होतास?”

पुतण्याने मान खाली घातली. त्याने त्या पोराला आधी पायलन म्हटले होते.

पुढच्या शनिवारी बंधूंनी आम्हाला लंडनला नेले. मिसिसॉगाहून गाडीने दोनेक तासांची वाट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली सपाट शेते आणि लाल रंगाची खरीखुरी कोठारे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची मशीद १९६० च्या दशकातली, त्या प्रांतातल्या जुन्या मशिदींपैकी एक. आम्ही जुहरच्या जमातीला पोहोचलो. बायकांच्या बाजूला एका वृद्ध लेबनानी बाईंनी दादींचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवले. दोघींची भाषा एक नव्हती, दोघी हसल्या.

या गावात ६ जून २०२१ च्या संध्याकाळी घराबाहेर फिरायला निघालेल्या एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबावर एका माणसाने मुद्दाम ट्रक घातला. त्यांना तो ओळखतही नव्हता. पोशाखावरून ते मुसलमान आहेत एवढे त्याला कळले, तेवढेच त्याला पुरले. तीन पिढ्यांतली चार माणसे गेली. नऊ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. ते कुटुंब याच मशिदीत नमाजला यायचे. भावजयीची भीती हवेतून आलेली नव्हती, हे आम्हाला तिथल्या गालिच्यावर बसल्यावर जास्त कळले.

त्याच मशिदीत ऑगस्ट २०२२ मध्ये नाझिम कादरी स्टॅनले चषक घेऊन आले. जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला चषक एक दिवस मिळतो, ज्याने त्याने हवा तिथे न्यावा. मशिदीत तो पहिल्यांदाच आला. त्याच वर्षी मे महिन्यात सेंट लुइसविरुद्धच्या सामन्यात समोरच्या गोलरक्षकाशी त्यांची टक्कर झाली होती आणि गोलरक्षक जायबंदी झाला होता. त्यानंतर कादरींना त्यांच्या धर्मावरून आणि वंशावरून गलिच्छ शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांचा पहारा ठेवावा लागला. २३ मे रोजी त्याच सेंट लुइसच्या मैदानावर पुढचा सामना झाला. प्रेक्षक त्यांच्या नावाने हुर्यो करत होते. कादरींनी त्या सामन्यात तीन गोल केले. पुढे अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि तरीही अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल त्यांनीच मारला.

परतीच्या वाटेवर पुतण्या मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मधे बसला होता. अंधार पडला होता. आपणहून म्हणाला, “बडी अम्मी, वहीत एक दुरुस्ती करा. चर्प म्हणजे जे मी सुधारू शकतो त्याच्यावर बोलणं. माझं स्केटिंग, माझा शॉट. तो जे बोलला ते चर्प नव्हतं.”

“मग त्याला काय लिहू?”

त्याने बराच विचार केला. “त्याला हॉकीत शब्द नाही.”

खेळाच्या नियमांत मात्र शब्द आहे. धर्म किंवा वंशावरून बोलणाऱ्या खेळाडूला सामन्यातून काढून टाकायची तरतूद तिथल्या नियमावलीत आहे, पण पंचांनी ऐकायला हवे किंवा कोणीतरी सांगायला हवे. बंधूंनी लीगला पत्र लिहिले. खाली कप्तानाच्या वडिलांनीही आपणहून सही केली. आम्ही निघेपर्यंत उत्तर आले नव्हते. भावजयीने बॅग कपाटात टाकली नाही. पण आता ती सामन्याला पुस्तक घेऊन बसत नाही, काचेजवळ उभी राहते. दादी पुढच्या सामन्यालाही गेल्या, त्याच बुरख्यात. त्या दिवशी पुतण्याने एक ॲपल मिळवले.

निघायच्या आदल्या दिवशी बर्फ पडले नव्हते. दुपारी गल्लीतली पोरे रस्त्यावर जाळ्या मांडून ‘बॉल हॉकी’ खेळत होती. स्केट्स नाहीत, पकऐवजी टेनिसचा चेंडू, बाकी सगळे तेच. एक फिलिपिनो, दोन पोलिश, एक गुजराती, आमचा मुकी आणि त्याची पाच वर्षांची बहीण. गाडी आली की कोणीतरी ओरडते, “कार!” सगळे जाळ्या उचलून कडेला होतात. गाडी गेली की आरोळी येते, “गेम ऑन!” धाकटीला चेंडू दिला की ती सरळ आपल्याच जाळीकडे पळायची. एक पोलिश पोरगा वैतागला, म्हणाला, हिचा गोल धरायचा की नाही?

पुतण्याने त्याला समजावले. आमच्यात लहान पोरं खेळात असतात, पण त्यांची चूक मोजत नाहीत आणि त्यांना बाद करत नाहीत. शब्द त्याने आमच्याच वहीतून उचललेला होता. पोलिश पोराला तो पटला. पुढच्या वेळी धाकटी चुकीच्या दिशेने पळाली तेव्हा तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडला, “काचा लिंबू! काचा लिंबू!” आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गाडी वळली.